गोव्याहून स्वस्त विमानाने जाताना, पैसे न भरता बरी सीट

गोव्यातल्या मोपा विमानतळाहून मुंबईचं तिकीट काढताना नावं भरून झाली की मोबाइलवर विमानाचा नकाशा उघडतो. रंगीत चौकोन, प्रत्येक चौकोनावर आकडा. मागच्या मधल्या सीटला कमी पैसे, खिडकीला जास्त, पहिल्या रांगेला आणि आपत्कालीन दरवाजाजवळच्या रांगेला सगळ्यात जास्त. चार माणसांचं कुटुंब जाऊन-येऊन हिशेब करायला बसलं तर सीटांचेच पैसे कधी कधी एका तिकिटाच्या जवळ जातात. बरेच जण ते भरून मोकळे होतात, कारण सीट निवडल्याशिवाय पुढे सरकताच येणार नाही असं वाटावं अशाच बेताने ते पान मांडलेलं असतं. प्रत्यक्षात सरकता येतं. कुठेतरी कोपऱ्यात, फिक्या रंगात ‘स्किप’ किंवा नुसतं ‘कंटिन्यू’ असतं. ते दाबलं तरी तिकीट पक्कंच राहतं. विमानात जागा मिळणारच, फक्त कोणती ते नंतर ठरतं.

हे ‘नंतर’ म्हणजे केव्हा, आणि तेव्हा कोण ठरवतं, एवढं कळलं की फुकटात बरी सीट मिळण्याची शक्यता पुष्कळ वाढते. खात्री मात्र मिळत नाही. खात्री हवी असेल तर पैसे भरावेत. काही प्रवाशांनी ते खरंच भरावेत, त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

पूर्वी धावायचे, आता वाट बघायची

२००३ मध्ये एअर डेक्कन सुरू झाली तेव्हा तिच्या विमानात सीट नंबरच नसायचे. जो आधी चढेल तो बसेल. दरवाजा उघडला की लोक विमानाकडे धावत सुटायचे. गोव्याच्या सरकारी कदंब बसमध्ये गर्दी असताना खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसाच प्रकार. अमेरिकेत साउथवेस्ट कंपनीने ही पद्धत कितीतरी दशकं चालवली आणि जानेवारी २०२६ मध्ये तीही नेमलेल्या सीटांवर आली. युरोपात ईझीजेटने २०१२ मध्ये आणि रायनएअरने २०१४ मध्येच धावपळ थांबवली होती.

आपल्याकडे आज इंडिगो, अकासा, स्पाइसजेट, एअर इंडिया एक्सप्रेस, फ्लाय९१, कुणाचंही तिकीट काढा, बोर्डिंग पासवर सीट नंबर छापलेला असतोच. म्हणून गेटवर अर्धा तास आधीपासून रांगेत उभं राहून सीट सुधारत नाही. त्या रांगेचा फायदा एकच, डोक्यावरच्या कप्प्यात बॅग ठेवायला जागा मिळते.

सीट निवडण्याचे पैसे घेणं हा विमान कंपन्यांचा हक्क सरकारने मान्य केलेला आहे. सीट, जेवण, जादा सामान अशा सेवा भाड्यातून वेगळ्या काढून त्यांचे पैसे लावायला डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) २०२४ चं परिपत्रक परवानगी देतं. त्यातच असंही म्हटलंय की वेब चेक-इनपर्यंत, म्हणजे ऑनलाइन नोंद करून बोर्डिंग पास घेईपर्यंत, ज्याने सीट निवडलेली नाही त्याला ती आपोआप नेमून देण्याची सोय हवी. या सोयीतूनच आपल्याला फुकटची सीट मिळते.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. कोविडनंतर काही कंपन्या विमानतळावरच्या काउंटरवर बोर्डिंग पास छापून द्यायचे वेगळे पैसे घेऊ लागल्या होत्या. जुलै २०२२ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने ते थांबवायला सांगितलं. देशांतर्गत विमानासाठी काउंटरवर जाऊन चेक-इन करणं फुकट आहे. पुढे सांगितलेल्या युक्त्यांपैकी अर्ध्या याच काउंटरवर चालतात.

उरलेल्या सीटा कशा वाटल्या जातात

१८० सीटांचं ए३२० विमान घ्या. तीस रांगा, रांगेत सहा सीटा. डावीकडून ए, बी, सी, मग मधली वाट, मग डी, ई, एफ. म्हणजे ६० खिडकीच्या, ६० वाटेकडच्या आणि ६० मधल्या. पैसे भरणारा मधली सीट क्वचितच घेतो. कंपनीच्या बाजूने बघा: खिडकी आणि आइल (वाटेकडची सीट) शेवटपर्यंत विकली जाऊ शकते, मधली विकली जाणं अवघड. मग फुकट्या प्रवाशाच्या गळ्यात संगणक आधी काय बांधणार? मधली, आणि तीही मागच्या अंगाची. एकट्या माणसाला वेब चेक-इनमध्ये २४ बी किंवा २६ ई मिळते ती यामुळे.

आता घड्याळ उलटं फिरू लागतं. सुटायच्या वेळेच्या जवळ येईपर्यंत न विकलेल्या चांगल्या सीटा कंपनीच्या दृष्टीने वाया जाणाऱ्याच असतात. मधल्या सीटा संपल्या की संगणकाला खिडकी आणि आइल द्यावीच लागते. म्हणून विमान साधारण भरलेलं असेल तर उशिरा चेक-इन करणाऱ्याला कधी कधी लवकर करणाऱ्यापेक्षा चांगली सीट मिळते. ‘लवकर करा, चांगली मिळेल’ हा सल्ला बसला आणि रेल्वेला लागू पडतो. स्वस्त विमानाला तो अर्धाच लागू.

आपल्या बहुतेक कंपन्यांचं देशांतर्गत वेब चेक-इन सुटण्याआधी ४८ तास उघडतं आणि ६० मिनिटं आधी बंद होतं. या अवधीत काय करायचं, ते विमान किती भरलंय यावर ठरवा.

अंदाज घ्यायला सीटचा नकाशा उघडा, पैसे न भरता. वेब चेक-इन सुरू करून सीटच्या पानापर्यंत जायचं, बघायचं आणि पुढे न जाता बाहेर पडायचं. राखाडी चौकोन म्हणजे गेलेल्या सीटा. फुकट प्रवासी अजून नेमले गेलेले नसतात, त्यामुळे विमान नकाशात दिसतं त्यापेक्षा नेहमीच जास्त भरलेलं असतं. तरी कल येतो. मंगळवारच्या दुपारी मोपा-मुंबई अर्ध्याहून जास्त रिकामं दिसत असेल तर घाई करू नका. सुटायच्या आदल्या रात्री पुन्हा बघा, मग सकाळी एकदा. प्रत्येक वेळी संगणक कोणती सीट देऊ करतोय ते ‘कन्फर्म’ दाबण्याआधी दिसलं तर उत्तम. काही अ‍ॅप दाखवतात, काही थेट पासच हातात देतात. दुसऱ्या प्रकारात एकदा चेक-इन झालं की अ‍ॅपमधून फुकट बदल होत नाही.

नकाशा जवळपास भरलेला असेल, किंवा दिवस चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदला, डिसेंबरचा शेवटचा आठवडा, कार्निव्हलचा शनिवार किंवा जोडून सुट्टी आल्याचा असेल, तर ४८ तास सुरू होताच चेक-इन करून टाका. इथे खिडकीचा लोभ नको. कंपन्या कधी कधी सीटांपेक्षा जास्त तिकिटं विकतात, आणि सगळेच आले तर शेवटच्या माणसाला सीटच उरत नाही. स्वखुशीने मागे राहणारा कुणी मिळतो का हे कंपनीने आधी विचारायचं असतं. कुणी तयार नसेल तर पक्कं तिकीट घेऊन वेळेत हजर झालेल्या प्रवाशालाही थांबवलं जाऊ शकतं. अशा वेळी डीजीसीएच्या नियमाप्रमाणे तासाभरात दुसरं विमान दिलं तर भरपाई नाही. २४ तासांच्या आत दिलं तर मूळ भाडं आणि इंधन शुल्काच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,०००. पैसे मिळतात, पण पुण्यातला साखरपुडा हुकतो तो हुकतोच.

ट्रॅव्हल एजंटने किंवा एखाद्या पोर्टलवरून तिकीट काढलं असेल तर दोन गोष्टी तपासा. एक, तिकिटावर मोबाइल नंबर तुमचा आहे की एजंटचा. एजंटचा असेल तर चेक-इनचे, वेळ बदलल्याचे, विमान बदलल्याचे सगळे निरोप त्याच्याकडे जातात आणि तो म्हापशात दुकान बंद करून घरी गेलेला असतो. दोन, पोर्टल ‘तुमच्यासाठी आपोआप चेक-इन करतो’ म्हणत असेल तर ती खूण काढून टाका. ते पहिल्या तासातच पहिली मिळेल ती सीट पदरात घालतं. पीएनआर आणि आडनाव घेऊन कंपनीच्या साइटवर स्वतः जाता येतं.

काउंटरवर काय बोलायचं

बॅग द्यायला काउंटरवर जावंच लागतं. वेब चेक-इन झालेलं असलं तरी त्या माणसाच्या पडद्यावर सगळा नकाशा उघडा असतो आणि सीट बदलायचा अधिकारही थोडाफार असतो. किती, ते कंपनीवर आणि त्या दिवसाच्या गर्दीवर. इथे विचारण्याला महत्त्व आहे. ‘चांगली सीट द्या’ म्हटलं तर काहीच होत नाही, कारण चांगली म्हणजे कोणती हे समोरच्याला कळत नाही. नेमकं बोला: ‘मॅडम, मला २४ बी आलीय. मागची चालेल, पण आइल असली तर बघाल का?’ पाय लांब असले, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असलं, पोटाचा त्रास असला तर ते एका वाक्यात सांगा. आजाराचं नाटक करू नका, ही माणसं रोज शंभर नाटकं बघतात.

वेळ महत्त्वाची. दोन-अडीच तास आधी पोहोचलं तर समोरच्याला वेळ असतो, पण विकायच्या सीटा अजून अडकवून ठेवलेल्या असू शकतात. सुटायला सव्वा-दीड तास उरला असताना नकाशा बऱ्यापैकी मोकळा झालेला असतो. त्यापेक्षा ताणू नका, कारण देशांतर्गत काउंटर ६० मिनिटं आधी बंद होतो आणि गेट साधारण २५ मिनिटं आधी. पर्वरीच्या कोंडीत अडकलेल्या माणसाने हे गणित घरून निघतानाच करायला हवं.

आणि आधी विमानतळ बघा. गोव्याला दोन आहेत. दाबोळीचा कोड जीओआय. जानेवारी २०२३ पासून चालू झालेल्या मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचा जीओएक्स. मडगावहून दाबोळी अर्ध्या-पाऊण तासावर, पण पेडण्यातल्या मोपाला जायचं तर अख्खा गोवा उभा ओलांडावा लागतो. सीट २ एफ हातात असून चुकीच्या विमानतळावर उभे राहणारे प्रवासी दोन्ही ठिकाणच्या कर्मचाऱ्यांना नवे नाहीत.

मुलं, म्हातारी माणसं, एकत्र बसणं

एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने कंपन्यांना स्पष्ट सांगितलं: १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला, त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आई-वडील किंवा पालकांपैकी किमान एकाच्या शेजारी सीट द्यायची, आणि तशी नोंद ठेवायची. यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. ‘त्याच पीएनआरवर’ म्हणजे आईचं आणि मुलाचं तिकीट एकत्र काढलेलं हवं. बाबांनी ऑफिसातून स्वतःचं वेगळं काढलं, आई आणि मुलांचं मामाने काढलं, तर बाबा कुठेही बसू शकतात. ‘किमान एकाच्या’ म्हणजे चौघे एका रांगेत बसतील असं नाही. एक मूल आईकडे २२ रांगेत आणि दुसरं बाबांकडे २७ रांगेत, हे नियमात बसतं.

म्हणून मुलांसोबत जाताना सगळ्यांचं तिकीट एकाच पीएनआरवर घ्या (एका वेळी नऊ जणांपर्यंत घेता येतं) आणि चेक-इनही सगळ्यांचं एकदम करा. एकेकाचं करत बसलात तर तुमच्याच हाताने कुटुंब फुटतं. मूल वेगळं पडलंच तर विमानात चढून शेजाऱ्यांशी हुज्जत घालण्यापेक्षा काउंटरवरच सोडवून घ्या. नियमाचं नाव घेतलं की सहसा दोन मिनिटांत होतं. एप्रिल २०२४ च्या आधी यासाठीही पैसे भरणारी कुटुंबं होती, आजही नियम माहीत नसल्यामुळे भरतात. हे पैसे अगदी नक्की वाचवता येण्यासारखे आहेत.

दोन वर्षांखालचं, मांडीवरचं बाळ असेल तर एक तांत्रिक अडचण असते. तीन सीटांच्या गटावर ऑक्सिजनचे मास्क मोजके असतात, एखाद-दुसरा जादा. त्यामुळे एकाच गटात दोन बाळं बसवत नाहीत, आणि शेजारच्या रांगेतली मैत्रीण तिचं बाळ घेऊन तुमच्या बाजूला येऊ शकत नाही. हवाईसुंदरी नकार देते तेव्हा कारण हे असतं.

आजी-आजोबांना व्हीलचेअर लागत असेल तर ती तिकीट काढतानाच किंवा निदान ४८ तास आधी नोंदवा. व्हीलचेअरचे पैसे लागत नाहीत, आणि नोंद असली की सीट देताना कर्मचारी चालण्याचं अंतर बघतात. मात्र आपत्कालीन दरवाजाच्या रांगेत वृद्ध, गरोदर, लहान मुलं आणि मदत लागणारी माणसं बसवत नाहीत, पैसे भरले तरीही. तिथला माणूस गरज पडली तर दरवाजा उघडू शकायला हवा.

चांगली सीट म्हणजे नक्की कोणती

गोवा-मुंबई हवेत तासाभराचं अंतर. पुणे तेवढंच. दिल्ली अडीच तासांच्या वर. एवढ्याशा प्रवासात ‘चांगली’ सीट प्रत्येकाची वेगळी असते, आणि लोक ज्याचे पैसे भरतात ते पुष्कळदा त्यांना नकोच असतं.

‘लवकर उतरायला मिळावं’ म्हणून पुढची रांग घेतात. एरोब्रिज (टर्मिनलमधून थेट विमानाच्या दरवाजाला लागणारा पूल) लागला तर खरंच पुढचे आधी बाहेर पडतात, कारण एकच दरवाजा उघडतो. पण विमान लांब उभं करून बस आणली तर पुढचा आणि मागचा असे दोन्ही दरवाजे शिडीने उघडतात आणि शेवटच्या रांगेतला माणूस पहिल्या मिनिटात खाली येतो. शिवाय तुम्ही कितीही आधी उतरलात तरी बस भरल्याशिवाय हलत नाही. शेवटी बसमध्ये चढलेला, दरवाज्याला टेकून उभा राहिलेला माणूसच टर्मिनलला पहिला उतरतो. आणि चेक-इन केलेली बॅग पट्ट्यावर यायची असेल तर या सगळ्या घाईचा उपयोग शून्य. पुढच्या रांगेचे पैसे त्यानेच भरावेत ज्याच्याकडे फक्त हातातली बॅग आहे आणि ज्याला पुढचं विमान पकडायचंय. ते स्वस्त नाहीत: जानेवारी २०२४ मध्ये इंडिगोने पहिल्या रांगेतल्या खिडकी-आइलचा दर २,००० रुपयांपर्यंत नेला, मधलीचा १,५००.

पाय पसरायला आपत्कालीन दरवाजाची रांग. ए३२० मध्ये पंखावर दोन-दोन दरवाजे असतात, साधारण १२-१३ व्या रांगेजवळ. त्यांच्या लगेच पुढची रांग टाळा. दरवाजाची वाट अडू नये म्हणून तिची पाठ मागे जात नाही. दोन दरवाजांपैकी पुढच्या दरवाजाच्या रांगेचंही तेच. सगळ्यात शेवटची रांग पण बहुधा मागे झुकत नाही, वर शौचालयाची रांग डोक्याशी. पहिल्या आणि आपत्कालीन रांगेत उड्डाण-उतरण्याच्या वेळी पायाशी बॅग ठेवू देत नाहीत, म्हणजे डोक्यावरचा कप्पा भरण्याआधी चढायला हवं.

पोटात ढवळतं त्यांनी पंखाजवळ बसावं. विमान हेलकावतं तेव्हा मध्यभाग कमी हलतो आणि शेपटी जास्त. पावसाळ्यात ढगांतून मोपाला उतरताना हा फरक जाणवतो. नेमका इथेच फुकट्याला फायदा आहे, कारण पंखाजवळच्या खिडकीतून खाली फक्त पंख दिसतो आणि दृश्यासाठी पैसे भरणारे ती जागा सोडून देतात.

आता खिडकी. मुंबईला जाताना किनारा डावीकडे, म्हणजे ए सीटला. सह्याद्री उजवीकडे, एफला. येताना उलट. हवा स्वच्छ असलेल्या हिवाळ्याच्या सकाळी डावीकडून कोकणच्या खाड्या एकामागून एक दिसतात: पाण्याची करडी पट्टी जमिनीत शिरलेली, तोंडाशी वाळूचा दांडा, आत हिरवं. दृश्य हवं तर पंखाच्या पुढची नाहीतर बरीच मागची रांग. साधारण नऊ-दहापासून अठरा-वीसपर्यंत पंख आडवा येतो. संध्याकाळी मुंबईला जाणाऱ्या विमानाला ए बाजूला मावळतीचं ऊन थेट डोळ्यात. जून ते सप्टेंबर खिडकीचे पैसे मुळीच भरू नका, वर चढल्यावर कापसाखेरीज काही दिसत नाही.

बोइंग ७३७-८०० मध्ये एक गंमत आहे. डाव्या बाजूला दहा-अकरा रांगेच्या आसपास एका ठिकाणी एसीचा पाइप भिंतीतून वर जातो, म्हणून तिथे खिडकीच नसते. नकाशात मात्र ती सीट ‘खिडकी’ म्हणूनच दिसते. ७३७ चं तिकीट असेल आणि ए बाजूची सीट पैसे भरून घेत असाल तर या दोन-तीन रांगा सोडा.

लहान विमानाचं गणित उलटं

मार्च २०२४ मध्ये सुरू झालेल्या आणि मोपाहून सोलापूर, जळगाव, पुणे अशा मार्गांवर चालणाऱ्या फ्लाय९१ कडे एटीआर ७२ जातीची पंख्यांची विमानं आहेत. इंडिगो आणि अलायन्स एअरकडेही आहेत. दोन-दोन सीटांची रांग, त्यामुळे मधली सीट नावाची शिक्षाच नाही. इथे सीटला जादा पैसे भरायला सबळ कारण सापडणं कठीण.

प्रवाशांचा दरवाजा मागे असतो. पुढे, वैमानिकाच्या पाठीमागे सामानाची खोली. म्हणून मागच्या रांगा आधी उतरतात. पंखे पुढच्या तिसऱ्या भागाशी फिरतात, तिथे आवाज आणि थरथर सगळ्यात जास्त. मागे शांत. पंख छतावर असल्यामुळे खाली बघायला जवळजवळ कुठलीही खिडकी चालते. मोठ्या विमानात जी मागची सीट टाळायची, तीच इथे मागून घ्यायची. डोक्यावरचे कप्पे लहान असतात. चाकांची बॅग शिडीपाशी काढून घेतात आणि उतरल्यावर परत देतात, त्यात लॅपटॉप किंवा औषधं असतील तर आधी बाहेर काढा.

या विमानात वजनाचा तोल फार सांभाळतात. वीस माणसं कमी असतील तर कुणाला पुढे, कुणाला मागे बसवतात आणि तुमचा नंबर ऐनवेळी बदलू शकतो. रिकामी सीट दिसली म्हणून उड्डाणापूर्वी उठून तिथे बसणं इथे खरोखर चूक ठरते.

विमानात चढल्यावर

मोठ्या विमानातही तोच शिष्टाचार: दरवाजे बंद झाल्याची घोषणा होऊ द्या, मग हवाईसुंदरीला विचारा, ‘मागे तिन्ही रिकाम्या आहेत, तिथे बसू का?’ बहुधा हो म्हणतात, कधी उड्डाणानंतर पट्ट्याची खूण विझेपर्यंत थांबायला सांगतात. जादा पैशांच्या रांगेत जाऊ देत नाहीत. मागणंही बरं दिसत नाही.

अदलाबदल मागायची असेल तर समोरच्याला तोटा होणार नाही अशीच मागा. ‘काका, माझीही आइलच आहे, तीन रांगा पुढे. आम्ही दोघं एकत्र बसू शकू, बदलाल का?’ याला माणसं हो म्हणतात. स्वतःची मधली देऊन खिडकी मागणाऱ्याला नाही म्हणतात, आणि बरोबर करतात. समोरच्याने पैसे भरलेले असू शकतात. जोडीने जाणाऱ्यांना एकत्र बसायचंच असेल तर सी आणि डी, म्हणजे वाटेच्या अलीकडची आणि पलीकडची आइल, ही जोडी मागून बघा. बोलता येतं, डबा देता येतो आणि दोघांचेही पाय मोकळे.

पैसे भरलेली सीट बदलली गेली तर गप्प बसू नका. कंपनी ऐनवेळी दुसऱ्या जातीचं विमान लावते, रांगांची संख्या बदलते आणि निवडलेल्या सीटा विस्कटतात. गेटवर नवा पास मिळाला की जुन्या आणि नव्या दोन्ही पासांचा फोटो काढा, सीटच्या पैशांची पावती शोधून ठेवा आणि उतरल्यावर कंपनीकडे लेखी परतावा मागा. तुम्ही स्वतः प्रवास रद्द केला तर हे पैसे बहुतेक वेळा परत येत नाहीत, पण बदल कंपनीने केला असेल तर मागणी रास्त आहे. उत्तर आलं नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर पीएनआर, तारीख, दोन्ही सीट नंबर आणि भरलेली रक्कम घालून तक्रार करा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही ती नोंदवता येते. तक्रारीत ‘फार मनस्ताप झाला’ यापेक्षा ‘५ एफसाठी अमुक रुपये भरले, २३ ई दिली’ हे एक वाक्य जास्त काम करतं.